काढलं म्हंजे गेलं नाई

नव्या स्टीलच्या डब्यावरचा किमतीचा कागद काढायला तुम्हाआम्हाला नखं पुरतात. सरांना त्यासाठी गोडं तेल, राख, जुना टूथब्रश आणि अख्खा रविवार लागायचा. कागद निघाला की आपण डबा मांडणीवर ठेवून मोकळे होतो. सर त्या जागेवरून बोट फिरवायचे. बोट जरासं जरी चिकटलं तरी मान हलवायचे आणि म्हणायचे, "काढलं म्हंजे गेलं असं नाई."

समुद्रपूरच्या एका शाळेत मी पहिल्यांदा नोकरीला लागले तेव्हा स्टाफरूममधली माझी खुर्ची त्यांच्या शेजारी पडली. ते विज्ञान शिकवायचे आणि शाळेतल्या कंप्युटरांची जबाबदारी त्यांच्याकडे होती. कागदोपत्री शाळेपुरतीच, पण ती त्यांनी साऱ्या गावाची मानली होती. माणूस उंच, काटकुळा, कडक इस्त्रीचा. शर्टाच्या कॉलरमागचं लेबल कापलेलं. नुसतं कापलेलं नाही, ते ज्या दोऱ्यानं शिवलं होतं तो दोराही सुईनं उसवून काढलेला. मी ओळख होताच विचारलं, तर म्हणाले, "टोचते."

"लेबल टोचतं, कबूल. पण दोरा?"

"मॅडम, दोरा राह्यला म्हंजे लेबल अर्धं राह्यलं."

त्यांच्या घरी चहाला गेले तेव्हा त्यांच्या पत्नीनं माझ्यापुढे बशी ठेवता ठेवता तक्रार केली. "माह्या बापानं लग्नात दिलेल्या भांड्यायवर नाव कोरलं होतं, व मॅडम. ह्यायनं घासून घासून काढून टाकलं. म्हणे, भांडं आपलं झालं तं त्याच्या नावाचं काय काम? एवढा हात एखाद्या डावी पोराच्या डोक्यावरून फिरवला असता तं!" सर शांतपणे चहा पीत होते. संपल्यावर त्यांनी कपाच्या तळाशी उरलेल्या साखरेत थोडं पाणी घातलं, हलवलं आणि तेही पिऊन टाकलं.

नको असलेलं सॉफ्टवेअर काढणं हा त्यांच्या मते धर्म होता आणि तो पाळणारा गावात एकटाच माणूस उरला होता. बाकी सगळे यादीत जाऊन 'काढून टाका' दाबायचे आणि हात झटकायचे. सर अशांना हसायचे. "भाडेकरू गेला. सामान नेलं. पन भिंतीतले खिळे? मोरीतला साबनाचा तुकडा? त्याच्या नावानं येनारं टपाल? थे कोन काढन?" मग ते खिळे काढायला बसायचे. आधी यादीतून सॉफ्टवेअर जायचं. मग कंप्युटर एक डाव बंद, एक डाव चालू. मग लपवून ठेवलेली फोल्डरं उघडी करायची आणि त्यात त्या सॉफ्टवेअरच्या नावाची एकेक फाईल हुडकायची. मग कंप्युटर सुरू होताना आपोआप काय काय जागं होतं ते तपासायचं. शेवटी खुद्द कंप्युटरच्या पोटात शिरून तिथल्या नोंदी खोडायच्या. हे चालू असताना त्यांच्याशी बोललेलं त्यांना खपत नसे. मी एकदा फक्त "सर, घंटा झाली" म्हटलं, तर त्यांनी मला आयसीयूत जोरात बोलणाऱ्या पाहुण्याकडे पाहतात तसं पाहिलं.

शाळेचे बाबू त्यांचे जन्माचे वैरी. ऑफिसच्या कंप्युटरवर रंगीत फुगे फोडण्याचा एक खेळ होता, आणि दुपारच्या जेवणानंतर तो खेळल्याशिवाय बाबूंचं अन्न जिरत नसे. सर तो मुळासकट काढायचे. दोन दिवसांत फुगे परत. बाबू कुठून आणायचे देव जाणे, पण फुग्यांसोबत दर वेळी नवी वरात यायची: हवामान सांगणारा पोपट, राशिभविष्य, कंप्युटर फास्ट करतो म्हणून सांगणारा आणि त्यापायी कंप्युटर बैलगाडीच्या चालीनं चालवणारा एक भोंदू. "बाबू, तुमी हो-हो काऊन दाबता जी सारीकडं?" सर विचारायचे. बाबूंचं उत्तर ठरलेलं असे. "कंप्युटरनं एवढं अदबीनं विचारल्यावर नाई म्हनाचं काय, सर?"

हळूहळू सरांनी सारं गाव स्वच्छ केलं. पतसंस्था, ग्रामपंचायत, झेरॉक्सवाला, तालमीच्या मंडळानं घेतलेला आणि भजनं ऐकायला वापरलेला एक जुनाट कंप्युटर. कोणी बोलावलं की जायचे, न बोलावलं तरी जायचे. पैसे घेत नसत, त्यामुळे त्यांना थांबवणंही अवघड होतं. हाकलता यावा असा फक्त पैसे घेणारा माणूस असतो.

एकाच ठिकाणी त्यांची डाळ शिजली नाही.

तहसीलसमोर टिनाच्या टपरीत एक बाई अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करून द्यायच्या. त्यांच्या कंप्युटरच्या पडद्यावर मागे कसलं चित्र आहे हे त्यांनाही आठवत नव्हतं, इतकी वर बारक्या चित्रांची खोगीरभरती. सकाळी बटण दाबलं की त्या उदबत्ती लावायच्या, टपरी झाडायच्या, रस्त्यापलीकडे जाऊन चहा घ्यायच्या, चहावाल्याच्या सुनेची चौकशी करायच्या आणि परत यायच्या, तोवर कंप्युटरचे डोळे अर्धे उघडलेले असायचे. सर एकदा तिथे कसलासा अर्ज टाइप करून घ्यायला गेले. पडदा पाहिला आणि खुर्ची पुढे ओढली. बाईंना न विचारताच त्यांनी माऊस हातात घेतला. बाईंनी लाकडी पट्टी उचलून त्यांच्या बोटांवर हाणली.

"बाई, मी साफ करून देऊन राह्यलो!"

"मी म्हटलं काय तुमाले? चालून राह्यला न माहा कंप्युटर?"

"ह्याच्यातलं अर्धं तुमाले लागत नाई."

"कोनाचं कवा काय काम पडन, तुमाले मालूम हाय काय?"

सर अर्ज न घेताच परत आले आणि पानठेल्यावर चारचौघांत म्हणाले, "थो कंप्युटर नाई, उकिरडा हाय." समुद्रपुरात पानठेल्यावर बोललेलं तहसीलपर्यंत पोचायला एसटी लागत नाही. बाईंनी ते ऐकलं आणि ठेवून घेतलं. त्या काहीच काढून टाकत नसत.

आता मोठ्या मॅडमबद्दल सांगायला हवं. मोठ्या मॅडम म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्या याच शाळेत शिकल्या, इथेच शिक्षिका झाल्या आणि दिवाळीनंतर इथूनच निवृत्त होणार होत्या. जाण्याआधी शाळेची एक स्मरणिका काढायची, हा त्यांचा ध्यास. जुन्या विद्यार्थ्यांना भेटून त्यांनी आठवणी गोळा केल्या होत्या आणि ऑफिसच्या कंप्युटरवर, दोन बोटांनी, वर्षभर स्वतः टाइप केल्या होत्या. त्यातली शेवटची आठवण त्यांच्या आईची होती. आई आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचणारी, अक्षरओळख नाही. मॅडमनी एका सुट्टीत आईला ऑफिसात आणून शेजारी बसवलं होतं. ती बोलत गेली, या टाइप करत गेल्या. कागद मध्ये आलाच नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांनी आईला लकवा मारला आणि तिची वाचा गेली. सगळं समजायचं, मान हलवायची, पण शब्द फुटत नव्हता. म्हणजे आईचं बोलणं आता फक्त त्या फायलीत होतं.

पोळ्याचा दुसरा दिवस होता. आमच्याकडे त्या दिवशी पहाटे घराघरांतून पोरं ओरडत निघतात, घरातली पीडा मारबतीच्या पुतळ्यासोबत गावाबाहेर घालवायला: "ढेकूण, मच्छर, खासी, खोकला घेऊन जा गे मारबत!" शाळेला सुट्टी होती. मोठ्या मॅडम आईला वर्ध्याला दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या. मला ऑनलाइन माहिती भरायची होती म्हणून मी ऑफिसात आले, तर सर आधीच कंप्युटरला भिडलेले. वर्षाची मोठी सफाई ते याच मुहूर्तावर करत.

बाबूंचे फुगे गेले. पोपट गेला. प्रत्येक वेळी बटण दाबताना सर खिडकीबाहेरच्या पोरांच्या सुरात सूर मिसळून ओरडत होते, "घेऊन जा गे मारबत!" मलाही चेव आला. मी टेबल बडवून साथ दिली. भोंदू गेला, भविष्य गेलं. मग सर यादीत खाली एका जागी थांबले. ते मराठी टाइप करायचं जुनं सॉफ्टवेअर होतं. नागपूरच्या कोणा एकट्या माणसानं बनवलेलं आणि मोटारसायकलवर फिरून साऱ्या तालुक्यात विकलेलं.

"हे आता कोन वापरते? नवं आलं न, मोबाईलसारखं," सर म्हणाले. "गावातून सारीकडून काढलं म्या. इथंच राह्यलं होतं." ते गेलं. मग त्याचे खिळे, म्हणजे त्याच्यासोबत आलेले अक्षरांचे फॉन्ट, तेही एकेक वेचून गेले. त्याची सीडी कपाटात सापडली. ती सरांनी कात्रीनं कापली, परत कोणाला दुर्बुद्धी होऊ नये म्हणून. "घेऊन जा गे मारबत!" आम्ही दोघंही ओरडलो. कंप्युटर असा टुणकन सुरू झाला की सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या मॅडमनी स्मरणिका उघडली. पानंच्या पानं इंग्रजी अक्षरांचा, कंसांचा आणि स्वल्पविरामांचा चिवडा. त्यात एकही शब्द वाचता येईना.

"व्हायरस," सर ताबडतोब म्हणाले.

मॅडम हसल्या. त्यांच्याकडे सगळं पेनड्राइव्हमध्येही होतं. तो लावला. तिथेही चिवडा. तेव्हा मात्र सर खाली बसले. त्यांचा रंग उतरत जाताना मी पाहिला. मॅडमनी सगळं टाइप केलं होतं ते काल काढलेल्या त्या जुन्या सॉफ्टवेअरवर, आणि त्याच्या फायलीत मराठी अक्षरं नसतातच, नुसत्या खुणा असतात. त्या खुणांना मराठी चेहरा देतो तो त्याचा फॉन्ट. फायली होत्या तिथेच होत्या, शाबूत. चेहरे सरांनी मारबतीसोबत गावाबाहेर घालवले होते.

त्यांनी मॅडमना खरं सांगितलं, इतकं मात्र म्हणायला हवं. उभं राहून, हात मागे बांधून, शिक्षा घेणाऱ्या मुलासारखं. मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "बाकीचे लोक परत लिहून देतीन, सर. आईचं कसं करू?"

त्यानंतरचे काही दिवस सरांनी गाव पालथं घातलं. मी सोबत. पतसंस्थेत फॉन्ट नव्हता. ग्रामपंचायतीत नव्हता. झेरॉक्सवाला म्हणाला, "सर, तुमीच तं काढला. मुळासकट काढला म्हने न?" जिथे जिथे तो असायला हवा होता तिथे तिथे सर आधी जाऊन आले होते, आणि त्यांचं काम चोख होतं. माझं मेलीचं हसू काही आवरेना. आणि नवल म्हणजे या सगळ्या कचेऱ्यांतले जुने मराठी कागदही चिवडा होऊन पडले होते, पण कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. जुने कागद उघडतो कोण? नागपूरच्या त्या माणसाचा नंबर लागत नव्हता. इंटरनेटवर एका ठिकाणी तसल्याच नावाचा फॉन्ट सापडला. तो उतरवायच्या आधी कंप्युटरनं अदबीनं एकामागून एक परवानग्या मागितल्या, आणि सरांनी, घामानं डबडबत, प्रत्येकीला हो म्हटलं. फॉन्ट निघाला भलताच. वरून पोपट परत आला. बाबू त्या दुपारी फार प्रेमानं वागले.

"एकच जागा राह्यली, सर," मी म्हणाले.

"नाव नका घेऊ."

पण दुसऱ्या दिवशी मोठ्या मॅडम स्वतःच पर्स उचलून निघाल्या तेव्हा ते आमच्या मागे मागे आले. टपरीच्या बाहेर, उन्हात, चप्पल पाहत उभे राहिले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग मान वाकडी करून आमच्यामागे पाहिलं. "सर, उकिरड्यावर काऊन आले जी?"

 बाई अजून दोन शब्द ऐकवणार होत्या, तोंड उघडलंही होतं, पण त्यांची नजर मोठ्या मॅडमच्या चेहऱ्याकडे गेली आणि त्यांनी तोंड मिटलं. "या, बसा," त्या म्हणाल्या आणि कंप्युटरचं बटण दाबलं.

कंप्युटर उघडेपर्यंत चहा झाला, चहावाल्याच्या सुनेची चौकशी झाली. मग पडद्यावर एक पोरगी लचकत येऊन वजन कमी करायचा उपाय सांगू लागली. कोणीतरी लॉटरी लागल्याचं कळवलं. एक मांजर पडद्यावरून चालत गेलं आणि खाली बसून अंग चाटू लागलं. सरांचा हात आपोआप माऊसकडे निघाला.

"हात नका लावू," बाई म्हणाल्या. "थे आपोआप जाते."

सरांनी हात मांडीखाली दाबून धरला. मांजर गेलं. बाईंनी पेनड्राइव्ह लावला, शेवटची फाईल उघडली. मराठी! काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी.  मग सरांनीच वाचायला सुरुवात केली, वर्गात धडा वाचतात तसं, खणखणीत.

"मी कापूस वेचाले जावो तं पोरगी संगं. तिले वावराच्या धुऱ्यावर बसवो. मालक म्हने, हिलेबी वेचाले लाव. म्या म्हटलं, हिचे हात लहान हायेत. थो म्हने, लहान हातच बोंडात बराबर जातात. मंग दुसऱ्या दिवशी म्या पोरीले शाळेत नेऊन बसवलं. मास्तर म्हने, वय किती? म्या म्हटलं, हात पाहा अन् तुमीच लिहा. मास्तर म्हने, बाप काय करते? म्या म्हटलं, आराम करते..."

सरांना पुढे वाचता येईना. बाई पदरानं डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. मोठ्या मॅडम पडद्याला हात लावून बसल्या होत्या, जणू तो गरम आहे की गार ते पाहत होत्या.

फॉन्ट घेऊन सर गावभर हिंडले. पतसंस्था, ग्रामपंचायत, झेरॉक्सवाला, जिथून जिथून काढला होता तिथे तिथे परत घालून आले, आणि तेही पैसे न घेता, न बोलावता. लोक विचारायचे, "सर, हे तं तुमीच काढलं होतं न?" सर म्हणायचे, "व्हय, मीच," आणि पुढच्या दाराकडे चालू लागायचे.

स्मरणिका निघाली. मॅडमच्या निरोपाच्या दिवशी पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या सोफ्यावर त्यांची आई होती, पांढऱ्या स्वच्छ लुगड्यात. सरांनी तिला वाकून "जयभीम, आजी" म्हटलं, तिनं एकच हात उचलून छातीशी नेला. तिच्या शेजारी, सरांच्या हट्टानं, टपरीवाल्या बाई बसल्या होत्या आणि तालुक्याचे पाहुणे मागच्या रांगेत. मोठ्या मॅडमनी आईची आठवण वाचायला घेतली. 'आराम करते'पाशी आल्या, आणि जिच्या तोंडून इतके महिने आवाज फुटला नव्हता ती म्हातारी हसली. वाकड्या तोंडानं, भसाड्या आवाजात, खांदे हलवत, सगळ्या मंडपाला ऐकू जाईल इतकं हसली. मॅडमना थांबावं लागलं. सरांनी सगळ्यांसमोर, काही न लपवता, रुमालात तोंड घालून रडून घेतलं.

जेवणाच्या पंगतीत टपरीवाल्या बाई त्यांच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. जरा अवघडल्या होत्या. "सर, माहा कंप्युटर कालपासून उघडूनच नाई राह्यला. जागाच नाई म्हनते. आता तुमी म्हनान तं..." त्यांनी पदर सारखा केला. "साफ करून द्या जी."

मी सरांकडे पाहिलं. ज्या क्षणासाठी त्यांचा जन्म झाला होता तो ताट घेऊन समोर उभा होता. सरांनी बोटं चाटायचं थांबवलं आणि बाईंकडे वर पाहिलं.

"उद्या येतो, बाई," ते म्हणाले. "पन काढत नाई काहीच. जागा वाढवून देतो."